लातूरला शिकायला निघालेल्या पोरांसाठी : पहिले चार महिने कसे काढायचे

दहावीचा निकाल लागला की मराठवाड्यातल्या घराघरांत खल सुरू होतो. अकरावी-बारावी आणि नीटच्या, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेच्या, क्लाससाठी लातूर, नांदेड की संभाजीनगर? अमुक सरांचं फिजिक्स चांगलं की तमुक सरांचं? पहिला हप्ता कुठून भरायचा, सोयाबीन तर अजून पेरायचंय. यावर महिनाभर बोलणी चालतात. पंधरा-सोळा वर्षांचं लेकरू तिथं एकटं राहणार कसं, यावर मात्र फारसं कुणी बोलत नाही. "राहील की, सगळ्यांचीच राहतात" एवढ्यावर तो विषय मिटतो.

मी लातुरात अकरावी-बारावीला शिकवतो. वर्गात मागं पडलेल्या पोरांपैकी बऱ्याच जणांचं घोडं अभ्यासात अडलेलं नसतंच. कुणाची झोप होत नाही, कुणाचं पोट आठवडाभर बिघडलेलं असतं, कुणाचं रूमपार्टनरशी बोलणं बंद असतं. घरी सांगावं तर "एवढा पैसा घातलाय" हे वाक्य आधी आठवतं. म्हणून माझं म्हणणं असं की पहिले दोन महिने राहणं जमवायला द्यावेत, रँकला नाही. राहणं जमलं की अभ्यास हळूहळू रुळावर येतो. राहणं बिनसलेलं असताना रँक आलीच, तर ती टिकत नाही.

पुढचं सगळं लातूर डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय. दुसऱ्या शहरात जाणाऱ्यांनी रस्त्यांची नावं बदलून वाचावं. मधेमधे आई-वडिलांसाठी लिहिलंय, तेही पोरांनी वाचायला हरकत नाही.

निघण्याआधी : खोली, पाणी, पावत्या

लातुरात खोली बघताना पहिला प्रश्न पाण्याचा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणून ज्याची तहान भागवावी लागली ते हे शहर. मांजरा धरण भरलेलं असलं की सगळे ते विसरतात. घरमालक जूनमध्ये म्हणतो, "पाण्याची काही अडचण नाही बघा." ते जूनपुरतं खरंही असतं. म्हणून नेमकं विचारायचं. नळ किती दिवसाआड येतो? बोअर मार्चनंतर चालतो का? टँकर आणावा लागला तर पैसे कुणी द्यायचे? प्यायला जार आहे की फिल्टर, आणि फिल्टर असेल तर त्याची शेवटची सर्व्हिसिंग कधी झाली?

खोली दुपारी बघू नका. दुपारी पोरं क्लासला असतात, सगळं शांत आणि झाडलेलं दिसतं. रात्री आठच्या सुमारास जा. संडासापुढं किती जण उभे आहेत, मोटारीचा आवाज कुठून येतो, जिन्यात दिवा आहे का, हे तेव्हाच कळतं. मालकाला जरा बाजूला ठेवून तिथं राहणाऱ्या एखाद्या पोराला विचारा, "पुढच्या वर्षी इथंच राहणार का?" तो जेवढा वेळ घेईल, त्यात निम्मं उत्तर आलं.

हॉस्टेल की रूम, यावर माझं मत ठाम आहे. पहिल्या वर्षी हॉस्टेल, नाहीतर मालक ज्या घरात स्वतः राहतो तिथली खोली. ट्युशन एरियात वा औसा रोडला चौघांनी मिळून घेतलेला फ्लॅट स्वस्त पडतो आणि मोकळाही वाटतो, पण एखादा तापाने फणफणला तर रात्री दार वाजवायला मोठं माणूस कुणी नसतं. बारावीला हवं तर बदला.

मुलींच्या हॉस्टेलला आणखी काही बघावं लागतं. रेक्टर रात्री तिथंच झोपते का? भेटायला येणाऱ्यांची वहीत नोंद होते का? सॅनिटरी पॅड टाकायची सोय आहे का? आणि शेवटची बॅच सुटल्यावर क्लासपासून हॉस्टेलपर्यंतचा रस्ता कसा असतो? तो रस्ता त्याच वेळी एकदा आईने लेकीबरोबर चालून बघावा. नकाशात अंतर कळतं, बंद शटरांची रांग कळत नाही.

मेस ठरवण्याआधी पैसे देऊन एक जेवण जेवा, शक्यतो रात्रीचं. मेसला न सांगता चार दिवस घरी गेलं तर खाडे कापतात का, तेही विचारून घ्या.

डिपॉझिट किती, ते परत कधी मिळणार आणि कशाकशाचे पैसे कापणार, हे एका कागदावर सहीनिशी घ्यावं. कागद मागितला म्हणून चिडणाऱ्या मालकाची खोली न घेतलेलीच बरी. क्लासची फी एकरकमी भरली तर सूट देतात, तिला भुलू नये. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पूर्ण फी भरलेला विद्यार्थी मधेच सोडून गेला तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, हॉस्टेल आणि मेस क्लासचंच असेल तर त्याचेही पैसे त्यात यावेत, असं त्यात म्हटलंय. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त क्लास नको, आठवड्याची सुट्टी हवी, सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी टेस्ट नको, हेही आहे. पण या सूचना आहेत. त्यांच्या जोरावर भांडायचं तर हातात पावती लागते. हप्ते पाडून घ्या आणि प्रत्येक पावतीचा फोटो आईच्या मोबाइलमध्ये ठेवा.

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध प्रवर्गातल्या मुलांनी शासकीय वसतिगृहाचा अर्ज आधी भरावा. तिथं नंबर नाही लागला, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून अकरावीपासून राहण्या-जेवणासाठी रक्कम थेट खात्यात येते. चौकशी समाजकल्याण कार्यालयात करायची. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला हाताशी असू द्या, कारण त्यासाठी पुन्हा तहसीलला जायचं म्हणजे दोन दिवस गेलेच. लेकराच्या नावाचं बँक खातंही आधीच काढा. दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःचं बचत खातं चालवता येतं.

आता पोरांनो, तुमचं काम. जूनमधले पंधरा दिवस हाताशी असतात, त्यात चार गोष्टी शिका. स्वतःचे कपडे धुणं (जीन्स आणि टॉवेलसुद्धा). बटण लावणं. कुकरमध्ये खिचडी करणं. आणि एकट्याने एसटीचा प्रवास. किनवटच्या पोराला लातूरला यायचं तर नांदेडला गाडी बदलावी लागते. ते बदलणं एकदा वडील बरोबर असताना, पण ते मागं उभे राहून आणि तू पुढं होऊन, कर. फलाट कोणता, चौकशीच्या खिडकीवर काय विचारायचं, बॅग कुठं ठेवायची, हे तुझं तू बघ.

सामान कमी न्या. गादी, उशी, दोन चादरी, बादली-मग, कुलूप, एक्स्टेंशन बोर्ड, ताट-वाटी-पेला, पाण्याची मोठी बाटली, टॉर्च. बाकीचं गंजगोलाईच्या बाजारात मिळतं, आणि ते आणायला जाण्याच्या निमित्ताने गाव ओळखीचं होतं.

सोडून येण्याचा दिवस

हा भाग आई-वडिलांसाठी. सकाळी लवकर पोचा. खोली दोघांनी मिळून झाडा, गादी घाला, दोरी बांधा. दुपारचं जेवण मेसमध्येच, लेकराच्या शेजारी बसून करा. हॉटेलात नेऊ नका. उद्यापासून जे ताट समोर येणार आहे ते तुमच्यासोबत एकदा खाल्लेलं असलं की घास जरा सोपा जातो. आणि चारच्या आत निघा. अंधार पडेपर्यंत थांबलं की निरोप आणि संध्याकाळ एकदम अंगावर येतात.

न सांगता सटकू नका. 'तो आंघोळीला गेला तेव्हा निघालो' असं सांगणारे वडील मी पाहिलेत. त्या पोराला पुढं कितीतरी दिवस कुणावर विश्वास टाकायला जड जातं. समोर उभं राहून सांगा, "आता निघतो. अमुक तारखेला येतो." तारीख सांगायची आणि पाळायची. आईला रडू आलं तर येऊ द्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही. "तुझ्यासाठी आम्ही एवढं करतोय" हे मात्र त्या दिवशी बोलू नका. त्याला ते माहीत आहे. नको तेवढं माहीत आहे.

दिवेलागणीची वेळ

आठवण दिवसभर सारखी येत नाही, तिच्या वेळा असतात. सकाळी क्लास, कॉलेज, धावपळ, त्यात काही जाणवत नाही. संध्याकाळी साडेसहाला क्लासवरून येऊन रूमचं कुलूप काढलं की आत कुणी नसतं. गावाकडे या वेळेला गोठ्यात गडबड असते, आजी दिवा लावते, चुलीवर भाकरी थापल्याचा आवाज येतो. इथं पंख्याचा. दुसरी वेळ रविवारची दुपार. तिसरी, सकाळी जाग आल्याबरोबरची दोन मिनिटं, जेव्हा आपण कुठं आहोत ते कळायला वेळ लागतो.

वेळ कळली की तजवीज करता येते. साडेसहा ते आठ या वेळात पहिला महिनाभर रूमवर एकटं बसायचं नाही, हा नियम कर. क्लासवरून थेट रूमवर न जाता अर्धा तास चाल. एखाद्याबरोबर चहा घे. अभ्यासिका लावली असेल तर याच वेळी जाऊन बस. वाचून झालं नाही तरी चालेल, आजूबाजूला माणसं असतात. जेवायला एकटा जाऊ नकोस. "मेसला चाललोय, येतोस का?" एवढं विचारायला धीर लागतो हे खरं, पण समोरचाही कुणीतरी विचारायची वाटच बघत असतो. तोही कळमनुरीहून नाहीतर आष्टीहून कालच आलेला असतो.

फोनचं गणित नीट बसवा, कारण इथं दोन्हीकडून घोटाळा होतो. दिवसातून चार वेळा व्हिडिओ कॉल झाला की पोरगं इथलंही होत नाही आणि तिथलंही राहत नाही. आठ-आठ दिवस फोनच केला नाही, तर मनात साठत जातं. रात्रीच्या जेवणानंतर, ठरलेल्या वेळी, पंधरा-वीस मिनिटं. ऐन दिवेलागणीला नको, तेव्हा दोन्हीकडे गळा दाटलेला असतो. "जेवलास का" याच्या पुढं जायचं असेल तर सांगण्यासारखं काहीतरी लागतं. म्हणून दिवसातली एक बारीकशी गोष्ट फोनसाठी राखून ठेव : सर आज फळ्यावर चुकले, मेसच्या मावशींनी स्वतःहून दुसरी भाकरी वाढली, शेजारच्या रूममधला झोपेत बडबडतो. घरच्यांनीही गावातलं सांगावं. पाऊस किती झाला, म्हैस व्याली का, चुलत्याच्या बोअरला पाणी लागलं का. टेस्टचे मार्क फोनच्या सुरुवातीला विचारू नका. ते विचारायचे झाले की पोरं फोन उचलायला उशीर करू लागतात, आणि मग तुम्हाला वाटतं पोरगं बदललं.

रडू आलं तर रड. बाथरूमचा नळ सोडून रडणारी पोरं हॉस्टेलमध्ये असतात आणि सगळ्यांना ते माहीत असतं. बहुतेकांचा हा जोर महिना-दीड महिन्यात उतरतो. एकदम जात नाही. आधी एखादी संध्याकाळ विसरायला होतं, मग एखादा रविवार.

मेस, डबा आणि पोट

पहिल्या पावसात लातुरातल्या दवाखान्यांत बाहेरगावच्या पोरांची रांग लागते. नवीन पाणी, मेसचं तेल, गाड्यावरची पाणीपुरी. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी उकळलेलं किंवा फिल्टरचंच पी, आणि बाटली रोज घास. बाटलीत आतून बोट फिरवून बघ, बुळबुळीत लागली तर तीच बाटली पोट बिघडवतेय. जुलाब लागले तर पहिलं काम ओआरएसची पुडी, पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साखर सहा सपाट लहान चमचे आणि मीठ अर्धा लहान चमचा. दिवसभरात उतार पडला नाही, रक्त दिसलं, ताप चढला, किंवा लघवी गडद पिवळी होऊन जेवणावरची वासनाच उडाली, तर मेडिकलवाल्याकडून गोळी आणून दिवस ढकलू नकोस. डॉक्टरकडे जा आणि घरी कळव. कावीळ आणि टायफॉइड ही दोन्ही इथं वर्षाचं नुकसान करणारी दुखणी आहेत.

मेसचं जेवण आवडणार नाही, ते गृहीत धर. पण जेवण टाळून वडापाव आणि नूडल्सवर दिवस काढणं महिनाभरात अंगावर येतं. त्यापेक्षा घरून चटण्या आण. शेंगदाण्याची, कारळाची, जवसाची चटणी महिनाभर टिकते. लसणाचा भुरका असला की वरण-भातसुद्धा घशाखाली उतरतो. धपाटे दोन दिवस राहतात. येसर करून दिला तर खोलीवर पाणी उकळून आमटी होते. गावाकडून कुणी येणार असेल तर त्याच्या हाती डबा येतोच, तो आल्या दिवशी एकट्याने संपवू नकोस. खोलीत डबा उघडून मधे ठेवला की निम्मी ओळख तिथंच होते. भोकरदनची चटणी तिखट की उमरग्याची, यावर रात्री अकरापर्यंत भांडणं चालतात. ती भांडणं चांगली.

झोपेबद्दल थोडं कडक बोलतो. पहाटे चारला उठणाऱ्या टॉपरच्या गोष्टी इथं फार चालतात. तो नऊला झोपतो का, हे कुणी सांगत नाही. या वयात आठ तास झोप लागते. रात्री एकपर्यंत मोबाइल आणि पहाटे पाचचा गजर, असं केलं तर पहिल्या तासाला शिकवलेलं कानावरून जातं. मी फळ्याकडे तोंड करून वळलो की कोण पेंगतंय ते मला आवाजावरून कळतं.

एका खोलीत तिघं

घरी तुझी गादी कुणी उचलत नव्हतं, तुझा साबण कुणी वापरत नव्हतं. इथं दोन्ही होईल. पहिल्या आठवड्यातच, अजून भांडण झालेलं नसताना, तिघांनी बसून ठरवून टाका : मोठा दिवा किती वाजता बंद, त्यानंतर वाचायचं त्याने टेबल लॅम्प लावायचा, फोनवर बोलायचं तर बाहेर, झाडायची पाळी कुणाची, जारचे पैसे कसे. हे बोलणं अवघड वाटतं. न बोलता दोन महिने गेले की मग ते ओरडून बोललं जातं. पहाटे चारचा गजर लावून स्वतः न उठणारा आणि बाकी दोघांना उठवणारा एक तरी प्रत्येक खोलीत असतो. त्याला प्रेमाने पण पहिल्याच आठवड्यात सांगावं.

पैसे उसने द्यायचे तर परत नाही आले तरी चालेल एवढेच द्यावेत. एटीएमचा पिन कुणालाही नाही, जिवलगालाही नाही.

आणि एक गोष्ट, जी मार्गदर्शन शिबिरांत कुणी बोलत नाही. खोली बघायला गेल्यावर "आडनाव काय?" हा प्रश्न येतो. कधी तो थेट असतो, कधी "गाव कोणतं, तिथं कोणत्या गल्लीत?" असा वळसा घालून. त्यावरून खोली रिकामी असते किंवा नसते. मुस्लीम आणि दलित पोरांच्या वाट्याला हे जास्त येतं. असं झालं तर तुझ्यात काही कमी आहे असं मनावर घेऊ नकोस, आणि तिथं राहण्यासाठी हट्टही धरू नकोस. जिथं रोज खाली मान घालून जिना चढावा लागेल तिथं अभ्यास होत नाही. तुझ्या गावातल्या, आधी इथं राहून गेलेल्या पोरांकडून चांगल्या मालकांची नावं मिळतात. तसे मालक इथं आहेत. आणि खोलीत वा वर्गात कुणी जातीवरून, धर्मावरून, बोलण्याच्या हेलावरून रोज टोचत असेल तर ती गंमत नव्हे. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे, आणि तो शाळा-कॉलेजांसोबत त्यांच्या वसतिगृहांनाही लागू आहे. तारीख, वेळ आणि कोण काय म्हणालं ते वहीत लिहून ठेव आणि कॉलेजमधल्या ज्या एका शिक्षकाशी तुला बोलता येतं त्यांच्याकडे जा. असा एक शिक्षक पहिल्या महिन्यातच हेरून ठेव. डाउट विचारायच्या निमित्ताने ओळख करून घे, म्हणजे पुढं गरज पडलीच तर दार ओळखीचं असतं.

पहिली टेस्ट

गावच्या शाळेत पहिला आलेला पोरगा इथल्या पहिल्या टेस्टमध्ये चारशेवा येतो. त्या यादीत वरच्या चारशे जणांत बहुतेक सगळे आपापल्या गावचे पहिलेच असतात. हे सांगून पोटातला गोळा जात नाही, मला माहीत आहे. म्हणून समजुतीपेक्षा काम सांगतो.

पेपर हातात आला की रँक न बघता चुकलेले प्रश्न तीन रकान्यांत लिही : येतच नव्हतं, येत होतं पण गडबड केली, इंग्रजीत प्रश्नच समजला नाही. पहिल्या दोन महिन्यांत मराठी माध्यमाच्या पोरांचा तिसरा रकाना भरगच्च निघतो, आणि ही चांगली बातमी आहे, कारण तो सगळ्यात लवकर रिकामा होतो. रोज एनसीईआरटीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकातलं एक पान मोठ्याने वाच. अडलेल्या शब्दाखाली रेघ मार आणि समोर समासात तुझ्या मराठीत अर्थ लिही. सहा आठवड्यांनी पहिलं पान काढून बघ, निम्म्या रेघा तुला हास्यास्पद वाटतील. डाउट मराठीत विचार. सर इंग्रजीत शिकवत असले तरी बहुतेकांचं घरचं बोलणं तुझ्यासारखंच आहे.

नीटच्या ७२० गुणांपैकी निम्मे, म्हणजे ३६०, जीवशास्त्राचे असतात. १८० पैकी ९० प्रश्न त्याचे. पाठ करून, समजून, पुन्हा वाचून हा विषय हातात येतो, त्याला लहानपणापासून कोचिंग असावं लागत नाही. फिजिक्सने कंबर मोडली असं वाटेल तेव्हा जीवशास्त्राचा एक धडा पक्का कर. आपल्याला काहीतरी येतंय याचा पुरावा त्या दिवशी फार कामाला येतो. नीटचा पेपर मराठीतूनही देता येतो, पण तो निर्णय अकरावीतच, शिक्षकांशी बोलून घ्यावा, ऐन फॉर्म भरताना नाही.

रँकची यादी स्टेटसला लावू नकोस आणि दुसऱ्यांची बघत बसू नकोस. आई-वडिलांना मार्क खरे सांग. एकदा वाढवून सांगितले की पुढच्या वेळी आणखी वाढवावे लागतात, आणि मग दिवाळीला घरी जायची भीती वाटू लागते. खोटे मार्क सांगून अडकलेली पोरं माझ्याकडे येतात तेव्हा त्यांना अभ्यासाचं ओझं वाटेनासं झालेलं असतं, घरच्या फोनचं वाटतं.

गावाकडे कधी जायचं

पहिले तीन आठवडे जाऊ नये, आजारपण सोडून. पहिल्याच शनिवारी घरी गेलेलं पोरगं रविवारी रात्री परत येतं ते पहिल्या दिवसासारखंच नवं होऊन येतं. तीन-चार आठवड्यांनी, आधी ठरलेल्या तारखेला जा. परतीचं आरक्षण निघतानाच करून ठेव. मुलींना मार्च २०२३ पासून एसटीत निम्मं तिकीट आहे, त्याचा फायदा घ्यावा. परतताना अंधार पडायच्या आत खोलीवर पोच. रविवारी रात्री दहाला उतरून, पाठीवर बॅग घेऊन बंद दुकानांपुढून चालत जाणं आणि दुपारी तीनला पोचून, कपडे लावून, मित्रांसोबत मेसला जाणं, यात फार फरक आहे.

सणांचं काय? काही क्लास पोळ्याला आणि महालक्ष्म्यांनाही टेस्ट ठेवतात. माझं मत विचाराल तर वर्षातून एखादी टेस्ट बुडाली तरी हरकत नाही, महालक्ष्म्यांच्या जेवणाला घरी असावं. सगळेच सण बुडवून मिळवलेली एकाग्रता जानेवारीपर्यंत टिकलेली मी तरी पाहिली नाही.

वेळ अमावस्येला मात्र, गाव लांब असेल तर, इथंच थांब. डिसेंबर-जानेवारीत येणारी ही येळवस लातूर-धाराशिवकडे दिवाळीएवढी मोठी. त्या दिवशी शहर ओस पडतं, जो तो शेतात. बाहेरच्या जिल्ह्यातल्या पोरांना याची कल्पना नसते आणि ती मेस बंद म्हणून बिस्किटं खाऊन खोलीत बसतात. आधीच वर्गातल्या औसा, निलंगा, रेणापूरकडच्या मित्राला सांगून ठेव. कुणीच नाही म्हणणार नाही. कडब्याच्या कोपीजवळ बसून भज्जी, बाजरीची भाकरी, आंबील असं पोटभर जेवलास की त्या मित्राची आई तुला नावाने ओळखायला लागते. परक्या गावात हक्काचं एक घर असणं किती मोलाचं, ते पुढं ताप आला की कळतं.

नुसती आठवण नाही, हे कसं ओळखायचं

आठवण येणारं पोरगं रडतं, चिडतं, पण जेवणावर बसतं, जोक झाला की हसतं. दोन-तीन आठवडे झोप उडालेली, जेवण सुटलेलं, आंघोळ टाळतंय, क्लासला दांड्या, आवडीच्या गोष्टीतही मन नाही, तर ती नुसती आठवण राहिलेली नाही. आपल्या वस्तू वाटून टाकणं, "मी नसलो तर बरं होईल" असं बोलणं, हातावर जखमा दिसणं, यातलं काही दिसलं तर त्याच क्षणी हालचाल करायची. त्याला एकटं सोडू नकोस. "मरायचा विचार येतोय का?" असं सरळ विचार. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. "कुणाला सांगू नको" अशी शपथ त्याने घातली असेल तर ती मोड. रेक्टर, शिक्षक, त्याचे आई-वडील, जे आधी सापडेल त्याला सांग.

सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर १४४१६. दिवसरात्र सुरू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. अठरा वर्षांखालच्यांसाठी १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन आहे. जिवावर बेतलं असेल तर ११२. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, तिथं केसपेपर काढून दाखवता येतं. हे नंबर कपाटाच्या आतल्या बाजूला लिहून ठेव, स्वतःसाठी नसले तरी खोलीतल्या कुणासाठी.

आई-वडिलांना : लेकराने "मला इथं राहवत नाही" असं एकदा म्हटलं तर ऐकून घ्या. तिसऱ्यांदा म्हटलं तर गाडीत बसा. फोनवर "सगळ्यांची पोरं राहतात" म्हणू नका. येऊन, त्याच्या कॉटवर बसून, पहिला अर्धा तास काहीही न समजावता ऐका. एक रात्र जवळ काढली की खरं काय ते बाहेर येतं. कधी ते मेस बदलण्याएवढं छोटं निघतं.

दिवाळीतलं बोलणं

दिवाळीपर्यंत चार-पाच महिने झालेले असतात. सुट्टीत, पाहुणे पांगल्यावर, घरच्यांसमोर बसून एकदा मोकळं बोलायचं. चार प्रश्न पुरे : झोप लागते का, जेवण जातं का, बोलायला तिथं कुणी आहे का, शिकवलेलं निम्मं तरी कळतंय का? तीन उत्तरं होकारार्थी असतील तर पुढं चालू ठेवा, मार्क काहीही असोत. चारही नाही असतील तर परत यायचा विचार करायलाच हवा, आणि तो पळपुटेपणा नाही. तालुक्याच्या कॉलेजात राहून, घरचं खाऊन, पुस्तकं आणि ऑनलाइन टेस्ट सिरीजवर नीट देणारी पोरं आहेत. नीट सोडून शेतकी, नर्सिंग किंवा आयटीआयकडे वळलेलीही आहेत. मधला मार्गही असतो : क्लास तोच ठेवून खोली बदलणं, किंवा एखादी आत्या-मावशी जवळच्या गावात असेल तर वर्षभर तिच्याकडे राहून ये-जा करणं.

परत यायचं ठरलं तर उशीर करू नका. आधी गावाजवळच्या कॉलेजात जागा आहे का ते बघा, मग इथल्या कॉलेजच्या ऑफिसात दाखल्याची चौकशी करा. अकरावीत असतानाच हे सोपं जातं. बारावीत कॉलेज बदलायचं तर कारणं लेखी द्यावी लागतात, परवानग्या लागतात. क्लासला सोडत असल्याचा अर्ज तारखेसह द्या, त्याची पोच घ्या आणि उरलेल्या फीचा हिशेब लेखी मागा. घरमालकाला महिनाभर आधी कळवा. आणि खोलीतला जार, दोरी, जास्तीची बादली पुढं येणाऱ्या पोरासाठी तिथंच राहू द्या, नव्या आलेल्याला पहिल्या दिवशी तेवढीच मदत होते.